पाण्याचा निधी कमानीत गेला, तर ग्रामपंचायतीवर केस करावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून गावात पिण्याच्या पाण्याचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात वेशीवर कमान उभी राहिली आणि मंदिरासमोर पेव्हिंग ब्लॉक बसले. गटविकास अधिकाऱ्यांना तीन अर्ज देऊन झाले, उत्तर आलेलं नाही. आता तुम्ही तिघं जण थेट हायकोर्टात ग्रामपंचायतीवर केस करायच्या विचारात आहात आणि पैसे सरपंचांच्या खिशातून वसूल व्हावेत असं तुमचं म्हणणं आहे.

केस करता येते. करदात्या रहिवाशाला असा हक्क आहे का, ही शंका मनातून काढून टाका. उडुपी नगरपालिकेच्या प्रकरणात, के. रामदास शेणॉय यांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्येच स्पष्ट केलं की स्थानिक संस्था कायद्याबाहेर जाऊन वागली तर तिथल्या रहिवाशाला ते आव्हान देता येतं. अडचण हक्काची नाही. केस कोणावर करायची, कशासाठी करायची आणि ती कोणत्या क्रमाने करायची, इथे बहुतेक लोक चुकतात आणि चांगलं प्रकरण पहिल्याच तारखेला लंगडं होतं.

आधी 'ग्रामपंचायतीवर केस' हा शब्दप्रयोग तपासू. ग्रामपंचायत ही कायद्याने उभी केलेली संस्था आहे आणि तिचा पैसा म्हणजे ग्रामनिधी, तुमच्याच घरपट्टी-पाणीपट्टीचा आणि गावाच्या नावाने आलेल्या अनुदानाचा. तुम्ही तिच्यावर दावा लावला की तिच्या वकिलाची फी त्याच ग्रामनिधीतून जाते. उद्या कोर्टाने 'पैसे परत करा' म्हटलं आणि आदेशात फक्त ग्रामपंचायतीचं नाव असलं, तर पाण्याच्या खात्यातून गेलेली रक्कम दिवाबत्तीच्या खात्यातून भरून निघेल. सरपंचांच्या खिशाला धक्काही लागणार नाही. म्हणून माझ्याकडे असं प्रकरण आलं की मी पक्षकाराला पहिल्यांदा हेच विचारतो: तुम्हाला नेमकं काय हवंय? पाण्याचं काम व्हायला हवंय, उरलेला खर्च थांबायला हवाय, गेलेले पैसे जबाबदार माणसाकडून वसूल व्हायला हवेत, की सरपंच पदावरून जायला हवेत? यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी दार वेगळं आहे. चारही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला 'हा विषय माझ्या अखत्यारीत नाही' असं लिहायला जागा मिळते.

आता मूळ नियम बघू, कारण तुमची बाजू किती भक्कम आहे ते इथे ठरतं. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींचा निधी दोन प्रकारचा होता: बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच लावायचा, आणि अबंधित. 2020-21 या वर्षी दोन्ही निम्मे-निम्मे होते. 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधित भागातला अर्धा स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी, तर उरलेला अर्धा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगार आणि आस्थापना खर्चाला लावता येत नाही.

तेव्हा कमान नेमकी कोणत्या पैशातून झाली, हा तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. ती अबंधित निधीतून झाली असेल आणि गावाच्या विकास आराखड्यात ते काम घेतलेलं असेल, तर तुम्हाला तो खर्च कितीही वायफळ वाटला तरी तो नियमबाह्य ठरवणं कठीण आहे. प्राधान्य चुकलं म्हणून कोर्ट सरपंचांच्या जागी बसून निर्णय घेत नाही, त्याचा न्याय मतपेटीत होतो. पैसे बंधित निधीतले असतील तर मात्र चित्र पालटतं. समोरून बहुधा सांगितलं जाईल की 'ग्रामसभेने मंजुरी दिली होती'. त्याला घाबरू नका. ग्रामसभा आराखडा मंजूर करू शकते, पण बंधित पैशाचं अबंधित पैशात रूपांतर करण्याचा अधिकार तिला नाही. आणखी एक बचाव येऊ शकतो आणि तो खरा असू शकतो: एका बंधित बाबीची गावातली गरज पूर्ण भागली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बंधित बाबीकडे वळवण्याची मुभा मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे पाण्याचा पैसा स्वच्छतेला जाऊ शकतो, तोही गरज भागल्याची रीतसर खात्री झाल्यावर. कमानीला तो या वाटेने जाऊ शकत नाही.

हे सगळं कागदांवरून ठरतं आणि सुरुवातीचे कागद घरबसल्या मिळतात. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा, मंजूर कामं आणि झालेला खर्च वर्षवार दिसतो. तिथे कमान शोधू नका, बहुधा सापडणार नाही. नियम वाकवणारे कामाच्या नावातच सोय करून ठेवतात. 'पाणीपुरवठा टाकी परिसरात पेव्हिंग ब्लॉक बसवणे', 'सार्वजनिक नळकोंडाळ्याजवळ सुशोभीकरण करणे' अशी नावं असतात आणि खर्च पाण्याच्या बाबीखाली पडलेला दिसतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं तर टाकी एका टोकाला आणि ब्लॉक दुसऱ्या टोकाला. त्या पानाची प्रत काढा, त्यावर दिसणारी तारीख ठेवा आणि त्याच दिवशी जागेचे फोटो घ्या, ज्यात टाकी, मंदिर आणि कमान यांच्यातलं अंतर कळेल. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं या एका जोडीवर उभी राहतात: कामाचं कागदावरचं नाव आणि त्याची जमिनीवरची जागा.

त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे 'गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती' असं मागाल तर तो फेटाळायला आयतं कारण मिळेल. एका कामासाठी एक अर्ज करा. त्यात अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, देयक, प्रमाणक आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. दुसऱ्या अर्जात संबंधित महिन्यांची रोकड वही, म्हणजे नमुना 5, आणि वित्त आयोगाच्या खात्याचं बँक विवरण. तिसऱ्यात त्या काळातल्या मासिक सभा आणि ग्रामसभांची इतिवृत्तं, हजेरीच्या सह्यांसकट. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. प्रती मागण्यापेक्षा आधी अभिलेख पाहण्याची मागणी केलीत तर आणखी बरं, कारण फाइल हातात घेतल्यावर कळतं की नेमकी कोणती पानं हवीत.

फाइल हातात आली की तारखांकडे बघा. हे मी जरा खोलात सांगतो, कारण वकिलाकडे येणारे लोक रकमांवर बोट ठेवतात आणि तारखा सोडून देतात. कामाचा नैसर्गिक क्रम ठरलेला असतो: आराखड्यात समावेश, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप, देयक, पेमेंट. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने सही केलेली तारीख पेमेंटच्या नंतरची असेल तर माप न घेताच पैसे दिले गेलेत. प्रशासकीय मान्यतेची तारीख कार्यारंभ आदेशाच्या नंतरची असेल तर काम आधी देऊन मान्यता मागाहून तयार केली आहे. तीन दरपत्रकं एकाच टंकलेखनात, एकाच चुकीच्या शुद्धलेखनासकट असतील, तर ती कुठे तयार झाली ते वेगळं सांगायला नको. आणि वित्त आयोगाची रक्कम सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, या दोघांच्या डिजिटल सहीने जाते. त्यामुळे 'मला माहीतच नव्हतं' असं म्हणणं दोघांनाही सहज शक्य नसतं.

इथे एक फरक मनात पक्का करा, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो. एका कामाचा पैसा दुसऱ्या सार्वजनिक कामावर खर्च करणं म्हणजे निधी वळवणं. काम न करता किंवा कमी करून पैसे उचलणं म्हणजे अपहार. पहिला प्रकार नियमभंग आहे, त्यावर प्रशासकीय कारवाई आणि वसुली होऊ शकते. दुसरा फौजदारी गुन्हा आहे. लोक रागाच्या भरात पहिल्याला दुसरं म्हणतात, 'भ्रष्टाचार' हा शब्द प्रत्येक ओळीत घालतात आणि मग समोरचा वकील शांतपणे उभं केलेलं काम दाखवतो. कमान तर उभी आहे, ब्लॉकही आहेत, अपहार कुठे झाला? तुमच्याकडे जेवढा पुरावा आहे तेवढाच आरोप करा.

आता दारं कोणती ते सांगतो. सरपंच, उपसरपंच किंवा सदस्य यांच्या गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली कारवाई होते. चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत होते आणि पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा. तुमचे तीन अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे पडून आहेत त्याचं एक कारण हेही असू शकतं की अर्जात कोणतंच कलम नाही आणि निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा नाही. नवी तक्रार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, कलम 39 स्पष्ट लिहा, प्रत विभागीय आयुक्तांना द्या, आवक शिक्का घ्या. तक्रारीत प्रत्येक कामाला एक परिच्छेद ठेवा: कोणता नियम, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने मोडला, त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांबद्दलची तक्रार वेगळी द्या, कारण त्यांची चौकशी सेवानियमांप्रमाणे होते. दोन्ही एकत्र केल्या की फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते.

या चौकशीकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नका. निवडून आलेल्या माणसाला पदावरून काढणं ही गंभीर गोष्ट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रवी यशवंत भोईर यांच्या प्रकरणात बजावलं आहे. ते प्रकरण रायगड जिल्ह्यातल्या उरण नगरपरिषदेचं होतं. प्रक्रिया काटेकोर पाळली गेली नाही किंवा आरोप किरकोळ अनियमिततेचा असला, तर काढण्याचा आदेश टिकत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, कारण उद्या तुमच्या बाजूचा सरपंच असेल तेव्हा हेच संरक्षण त्यालाही लागेल. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की चौकशी अधिकाऱ्याने सरपंचांना नोटीस दिली का, म्हणणं मांडायला संधी दिली का, याकडे तुम्हीच लक्ष ठेवा. घाईत मिळवलेला आदेश अपिलात उडाला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

पैसे वसूल करायचे असतील तर लेखापरीक्षण हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी दार आहे. ग्रामपंचायतीच्या हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. तिच्या अहवालात आक्षेपाधीन आणि वसूलपात्र अशा रकमा दाखवलेल्या असतात, आणि त्या कोणामुळे झाल्या हेही अनेकदा नावासकट असतं. हा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा, सोबत त्यावर ग्रामपंचायतीने दिलेलं अनुपालन, म्हणजे आक्षेपांना दिलेलं उत्तर, तेही मागा. तुमच्या कमानीचा आक्षेप तिथे आधीच नोंदलेला असेल तर तुमचं अर्धं काम सरकारी लेखापरीक्षकाने करून ठेवलं आहे, आणि 'गावकीच्या राजकारणातून तक्रार' हा बचाव फार टिकत नाही. त्या वर्षाचं लेखापरीक्षण अजून व्हायचं असेल तर तुमची तक्रार कागदांसह लेखापरीक्षा कार्यालयात द्या आणि विशेष तपासणीची मागणी करा. निधीच्या हानीसाठी दोषी व्यक्तीला वैयक्तिक जबाबदार धरण्याची तरतूद कायद्यात आहे. 'सरपंचांच्या खिशातून' हे तुमचं म्हणणं खरं होण्याची वाट तिथून जाते.

तिसरं दार अपात्रतेचं. कंत्राटदार सरपंचांचा मेहुणा आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर त्याच ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली तो अपात्र ठरतो आणि त्याचा निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात. पण नुसतं नातं पुरत नाही. पैशांचा व्यवहार, भागीदारी, एकच बँक खाते, एकाच पत्त्यावरची फर्म, असं काहीतरी दाखवावं लागतं. ते हाती असेल तर हा अर्ज स्वतंत्रपणे करा, कलम 39 च्या तक्रारीत मिसळू नका.

मग हायकोर्ट कधी? वरच्या दारांवर कागद देऊन, स्मरणपत्र देऊन, वाजवी वेळ वाट पाहूनही कोणी हललं नाही, तेव्हा. संविधानाच्या अनुच्छेद 226 खालच्या याचिकेत कोर्ट साक्षीदार तपासत नाही, मोजमाप खरं की खोटं यावर निवाडा करत बसत नाही. 'पर्यायी उपाय वापरलात का?' हा पहिला प्रश्न असतो. म्हणून तिथे मागणी साधी ठेवावी: मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी अमुक तारखेच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत चौकशी पूर्ण करून कायद्याप्रमाणे निर्णय द्यावा. ऐकायला ही मागणी किरकोळ वाटते आणि पक्षकार नाराज होतात. पण असा आदेश मिळणं तुलनेने सोपं असतं, आणि तो मिळाला की झोपलेली फाइल जागी होते. मुदत पाळली नाही तर अवमान याचिका करता येते, तीही अवमान घडल्यापासून वर्षाच्या आत. प्रतिवादींमध्ये राज्य शासन, विभागीय आयुक्त, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि गटविकास अधिकारी हवेतच. ग्रामपंचायतीसोबत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना व्यक्तिशः, नावाने सामील करा. ज्याच्याविरुद्ध आदेश हवा त्याला ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट आदेश देत नाही. तुमचा जिल्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग यांपैकी असेल, तर ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येईल, मुंबई गाठायची गरज नाही.

एकाच परिस्थितीत मी आधी कोर्टाकडे जायला सांगेन: पैसे अजून खात्यात आहेत आणि पुढचं देयक निघायच्या बेतात आहे. तेव्हा एक दिवसही महत्त्वाचा असतो. गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना त्याच दिवशी लेखी पत्र आणि ईमेल द्या, आणि लगेच अंतरिम स्थगिती मागा. पैसे गेल्यावर थांबवण्यासारखं काही उरत नाही, मग फक्त वसुलीची लांब लढाई.

दिवाणी दाव्याचाही विचार काहीजण करतात. ग्रामपंचायतीविरुद्ध दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि शासनाला सामील करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची. तुमच्यासारख्या प्रकरणात मी तो मार्ग सहसा निवडत नाही. कामाची जागाच कोणाच्या खाजगी मालकीची असेल, तर गोष्ट वेगळी.

जनहित याचिका हा शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलाय. मुंबई उच्च न्यायालयाचे यासाठी 2010 चे वेगळे नियम आहेत. तुमचा यात वैयक्तिक स्वार्थ नाही हे शपथेवर सांगावं लागतं आणि कोर्ट रक्कम जमा करायलाही सांगू शकतं. तुमच्यापैकी कोणी किंवा कोणाच्या घरातलं गेल्या निवडणुकीत सरपंचांविरुद्ध उभं होतं का? असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. लपवलेलं समोरच्याने उघड केलं तर कागद कितीही चांगले असले तरी याचिकेवरचा विश्वास जातो. स्वतःहून सांगितलं तर कोर्ट कागदांकडे वळतं.

फौजदारी मार्ग केवळ अपहाराचा पुरावा असेल तरच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला कडक शिक्षा आहे, पण अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. मोजमापात दाखवलेल्यापेक्षा जागेवरचे ब्लॉक कमी भरले, तर तो पुरावा. तोवर पोलिसांत धावू नका, कारण 'दिवाणी स्वरूपाचे' असा शेरा एकदा पडला की तो पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

आणि पाण्याचं काय? या सगळ्यात तो प्रश्न मागे पडू देऊ नका. ग्रामपंचायत म्हणेल, आता निधी संपला. रतलाम नगरपालिकेने 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच कारण दिलं होतं. उघडी गटारं आणि घाणीने लोकांचे हाल होत होते, आणि पैसे नाहीत हा बचाव न्यायालयाने मानला नाही. तुमच्याकडे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत असेल किंवा गटार उघडं असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो. तो कलम 39 च्या चौकशीवर अवलंबून नाही, आजही देता येईल.

शेवटी तुम्ही विचारलंय की गावातले फक्त तिघंच पुढे यायला तयार आहेत, चालेल का. चालेल. तक्रारीला एकाची सहीही पुरते, आणि सह्यांच्या लांब यादीतले चार जण नंतर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणून प्रतिज्ञापत्र देतात, त्यापेक्षा ठाम तिघं बरे. फक्त तिघांचीही घरपट्टी आणि पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरलेली असू द्या. समोरून पहिला हल्ला थकबाकीवर होतो. पावत्यांच्या प्रती तक्रारीसोबतच जोडा, मूळ पावत्या घरी ठेवा.